सारसाची झोपमोड

झोप म्हणजे आळस, असं ज्यांना वाटतं त्यांनी जूनमधल्या एखाद्या पहाटे गोंदिया जिल्ह्यातल्या तलावाकाठी यावं. सारसगणनेची माणसं उजाडायच्या आत तिथं दबा धरून बसलेली असतात. कारण सारस रात्री उथळ पाण्यात उभ्यानं झोपतो आणि फटफटलं की चरायला निघून जातो. माणसाच्या उंचीचा हा पक्षी मान पिसांत खुपसून पाण्यात उभा. कोल्हं-कुत्रं जवळ आलंच, तर आधी पाणी वाजतं.

झोपायला एवढा बंदोबस्त लागतो, तर मग झोपायचंच कशाला? झोपलेला जीव खात नाही, पिल्लांकडं बघत नाही, शत्रूच्या तोंडी आयता सापडतो. बिनकामाची असती तर ही खोड उत्क्रांतीत कधीच गळून पडली असती. पण मेंदूच नसलेली कॅसिओपिया जेलीफिशसुद्धा झोपते, हे 2017 साली दिसून आलं. 1980च्या दशकात शिकागोत उंदरांना सतत जागं ठेवलं. ते जास्त खाऊनही खंगत गेले आणि दोन-तीन आठवड्यांत मेले. झोपेत शरीराची डागडुजी होते, शिकलेलं पक्कं होतं, शक्ती वाचते. यातलं मूळ कारण कोणतं, यावर शास्त्रज्ञांचा वाद आहे. झोप लागतेच, यावर नाही.

बदकांचं तर बघा. थव्याच्या कडेला बसलेलं मॅलार्ड बदक अर्धाच मेंदू झोपवतं आणि बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतं, असं 1999च्या अभ्यासात आढळलं. धोका दिसतोय म्हणून झोप सोडली नाही त्यानं, निम्मी केली.

आणि आपण? बांधीतलं सारसाचं घरटं राखणारे शेतकरी या जिल्ह्यात आहेत, त्यांना माझा मनापासून नमस्कार. पण पक्ष्याच्या रातनिवाऱ्याचं काय? तलावाच्या पाळीवर वरातीचा डीजे, पाण्यावर फिरणारा बॅटरीचा झोत, गाडीचे दिवे. उघड्यावर रात्री दहानंतर भोंगा वाजवायला 2000 सालच्या नियमांनी बंदी आहे. ती तलावाकाठी आधी पाळा. सगळ्या महाराष्ट्रात मोजकेच सारस उरलेत, तेही मुख्यतः आपल्याकडंच. पोरांना सारस दाखवायचाय ना? रात्री बॅटरी मारू नका, पहाटे घेऊन या. लांबूनच बघा, आणि तो आपणहून मान वर काढीपर्यंत थांबा.