होतकरू शास्त्रज्ञांसाठी गच्चीची किल्ली

मिरा-भाईंदरमध्ये राहून खगोलशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य अशा तिन्ही विषयांत एकदम संशोधन करता येतं, असं मी सांगतो तेव्हा ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो, "एरिया किती लागेल?" प्रश्न रास्त आहे. ज्या शहरात कपाटावर बॅग आणि बॅगेवर गणपतीचं मखर ठेवून दिवस काढायचे, तिथे वेधशाळा कुठे मांडणार? उत्तर तुमच्या डोक्यावरच आहे. सोसायटीची गच्ची. वर आभाळ, टाकीच्या आजूबाजूला डास, आणि कठड्यावरून दूर खाडीकाठचा काळपट हिरवा पट्टा. तिन्ही खाती एका मजल्यावर.

साहित्य : शंभर पानी वही, दोरी बांधलेलं पेन, तिथी छापलेलं भिंतीवरचं कॅलेंडर, एक भिंग, खडू, बॅटरी आणि रंगाचा रिकामा डबा. दुर्बीण घेऊ नका. दुर्बीण घेतलेला माणूस आठवडाभर शेजाऱ्यांना चंद्र दाखवतो आणि मग ती माळ्यावर टाकतो. पेनाची दोरी मात्र विसरू नका. बिनदोरीचं पेन दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्या हिशेबात सापडतं.

पायरी पहिली : किल्ली मिळवा

किल्ली सेक्रेटरीकाकांकडे असते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हाचा संवाद वहीत पहिल्या पानावर आहे.

"गच्चीवर काय काम काढलंत?"

"संशोधन करायचंय, काका."

"लीकेज आहे का?"

"नाही, सूर्य बघायचाय."

"तो गॅलरीतून दिसत नाही?"

किल्ली मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी बायकोनं कुरडयांचं ताट हातात दिलं आणि काकांनी न विचारता किल्ली काढून दिली. धडा : संशोधनाचा प्रस्ताव नेहमी समोरच्याला कळेल अशा भाषेत मांडावा. उन्हाळ्यात कुरडया, पापड, पावसाळ्यात लीकेज, हिवाळ्यात गाद्या. मोठमोठ्या संस्थांना अनुदान मिळवताना याहून फार वेगळं काही करावं लागत नसावं.

पायरी दुसरी : सावली हरवा

आपलं शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १९.३ अंशांवर आहे. कर्कवृत्ताच्या अलीकडे असल्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो : एकदा १६ मेच्या आसपास, एकदा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. त्या दुपारी उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. याला शून्य सावली दिवस म्हणतात. दिल्लीच्या नशिबी हा दिवस नाही, ही गोष्ट तिकडच्या नातेवाइकांना आवर्जून कळवावी.

कृती : रंगाचा डबा सपाट जागी उभा ठेवा. बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं आखा. बरोबर बाराला काही होत नाही, म्हणून नवशिके खाली जेवायला निघून जातात. थांबा. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि आपण ७३ अंशांच्या जरा अलीकडे राहतो. एका अंशाला चार मिनिटं धरा, मेमधल्या सूर्याची तीन-चार मिनिटांची घाई वजा करा, म्हणजे आपली खरी मध्यान्ह १२:३५ च्या सुमारास येते. त्या मिनिटाला माझ्या डब्याची सावली अशी गेली, की कुणी खालून ओढून घेतल्यासारखी. कुरडयांच्या ताटाचीही गेली. वहीत लिहिलं : "१६ मे. डबा ठेवला. १२:३५, सावली नाही." हे वाक्य लक्षात ठेवा. ते पुढे माझ्यावर उलटणार आहे.

रात्रीचा प्रयोग हिवाळ्यात करा. मृग नक्षत्र शोधा : चार पाय आणि मध्ये तीन ताऱ्यांचा बाण. त्या चौकटीत किती तारे दिसतात ते मोजा. माझ्या गच्चीवरून सात दिसतात, म्हणजे पाय आणि बाण. बाकीचं हरीण दिव्यांच्या झगमगाटात विरघळलेलं असतं. हाच आकडा तुमच्या वस्तीच्या प्रकाश-प्रदूषणाचं माप. जगभरचे हौशी लोक अशी मोजणी करून पाठवतात. फरक पाहायचा असेल तर दादरला गाडी बदलून वांगणीला जा. खगोल मंडळाची आकाशदर्शनं तिथे वर्षानुवर्षं होत आली आहेत. तारे बघायला वेस्टर्नवरून सेंट्रलवर जावं लागतं, हे मानायला जड जातं, पण विज्ञानात लाईनचा अभिमान ठेवून चालत नाही. भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राचं पाऊलसुद्धा सेंट्रलवरच पडलं. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणला ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ लहान तबकड्या उभारून सूर्याचा वेध घेतला. प्रत्येक तबकडी जेमतेम सहा फुटांची. त्यांचाच पुढचा मोठा प्रकल्प नारायणगावजवळ खोडदला उभा राहिला : ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. सुरुवात लहान असली तर लाजू नये.

पायरी तिसरी : चिखलाकडे बघा

भाईंदर सोडून गाडी नायगावकडे निघाली की पुलावर खारट वास आत येतो. पाणजू बेटाच्या आसपास दिसणारी ती गचपणं म्हणजे तिवरं. त्यांना 'झुडपं' म्हणून मोबाइलमध्ये मान घालणाऱ्यानं वनस्पतिशास्त्राचा पास गमावला असं समजावं.

बघायला ओहोटी हवी. त्यासाठी अ‍ॅप लागत नाही, कॅलेंडर पुरे. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट करा, भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अष्टमीला भरती सहाला, तर ओहोटी बाराच्या सुमारास. म्हणजे डब्याभोवती खडू घेऊन सूर्य मोजणाऱ्याला चिखलातली मुळं पाहायची, तर चंद्राला विचारावं लागतं. खाती वेगळी असली तरी फायली एकमेकांत अडकलेल्या असतात.

ओहोटीला तिवराभोवती पेन्सिली रोवाव्यात तशी मुळं चिखलातून वर आलेली दिसतील. गाळात प्राणवायू नसतो, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. विरारच्या गाडीत सकाळी माणसं माना उंच करून उभी असतात, तसंच. आता कोरड्या दिवसांत दुपारी तिवराचं पान भिंगाखाली धरा. तोडू नका, खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, आणि तोडायची गरजही नाही. पानावर साखर भुरभुरल्यासारखे बारीक कण चमकतील. ते मीठ. झाड खारं पाणी मुळांतून थोडंफार घेतं आणि जास्तीचं मीठ पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. पाणी उडतं, मीठ राहतं. भाईंदरच्या मिठागरात उन्हात चालतं तेच काम पानाच्या दीड इंचात चाललेलं असतं. आपल्याकडे मीठ 'पिकतं' म्हणतात. या पानाकडे बघितल्यावर तो शब्द फारच नेमका वाटतो. चव घेऊन खात्री करण्याचा मोह होईल. खाडीत काय काय येऊन मिळतं ते आठवा आणि मोह आवरा.

कांदळाची तऱ्हा निराळी. त्याची मुळं बरंचसं मीठ दारातच अडवतात. सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर कांदळ हा गेटवर रजिस्टर घेऊन बसलेला वॉचमन, आणि तिवर आधी आत घेऊन मग नोटीस बजावणारी कमिटी. महाराष्ट्रानं २०२० मध्ये राज्याचा खारफुटी वृक्ष म्हणून मान दिला तो मात्र तिसऱ्यालाच, पांढऱ्या चिप्पीला. सोसायटीच्या निवडणुकीतही असंच होतं.

पायरी चौथी : वही भरा, कंटाळा आला तरी

ही पायरी सगळ्यात नीरस, म्हणून सगळ्यात महत्त्वाची. कुलाब्याच्या वेधशाळेत इंग्रजांच्या काळी चुंबकसूची किती हलली हे माणसं रात्रंदिवस वहीत उतरवत असत. १८५९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत सूर्यावरून आलेल्या वादळानं पृथ्वीचं चुंबकत्व असं हादरवलं, की युरोप-अमेरिकेत तारयंत्रं वेडी झाली. कुलाब्यात कुणीतरी शांतपणे आकडे लिहीत राहिलं. पुढे २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या गटानं त्याच आकड्यांवरून त्या वादळाचं बळ काढलं. नोंद करणाऱ्याला आपण काय लिहितोय हे ठाऊक नव्हतं. त्यानं फक्त पान कोरं सोडलं नाही.

पुढे मुंबईची घोड्यांची ट्राम विजेवर न्यायचं ठरलं. विजेच्या प्रवाहानं सुया बिघडतील म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलली. आपल्याला गच्ची हलवता येत नाही. त्यामुळे टाकीचा पंप सुरू झाला, शेजारी ढोल वाजला, वर विमान आलं, तर चिडू नका. "पंप चालू होता" असं वहीत लिहा. अडथळा लिहून ठेवला की तोही नोंदीतच जमा होतो. आणि आभाळ ढगाळ असेल तर "काही दिसलं नाही" एवढंच लिहा. न दिसलेलं दिसलं म्हणून लिहायचं असेल, तर त्यासाठी वेगळे व्यवसाय आहेत.

पायरी पाचवी : डास ओळखा, मग आरोप करा

जुलैत आमच्या बी-विंगमध्ये एकाला डेंग्यू निघाला आणि सोसायटीच्या ग्रुपवर अर्ध्या तासात निदान झालं : खाडी. "ती झाडी तोडली पाहिजे," असा ठरावही आला. मी शास्त्रज्ञ असल्यामुळे मध्ये पडलो.

नवशिक्यांनी हे पाठ करावं. डेंग्यूचा एडिस खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढत नाही. त्याला घरातलं साठवलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं : ड्रम, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली. तो दिवसा चावतो, पायांवर पांढरे पट्टे असतात, आणि फार लांब उडत नाही. म्हणजे तुम्हाला चावलेला डास बहुधा तुमच्याच पत्त्यावर जन्मलेला असतो. मलेरियाचा शहरी अ‍ॅनाफिलीसही तसाच स्वच्छ पाण्याचा शौकीन. डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात मुंबईच्या मलेरियासाठी बोट दाखवलं ते घरोघरच्या विहिरींकडे, तेव्हाही लोकांना ते रुचलं नव्हतं. अळी बघून दोघांत फरक करता येतो. अ‍ॅनाफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. एडिसची अळी शेपटाकडची नळी वर लावून डोकं खाली लोंबकळते. बॅटरीचा उजेड पडला की वळवळत तळाशी जाते.

धीर सुटू लागला तर रोनाल्ड रॉसला आठवा. चुकीच्या जातीचे डास फाडण्यात त्याचा बराच काळ गेला. डास उडून जातात म्हणून सिकंदराबादच्या उकाड्यात पंखा बंद ठेवून तो बसे. २० ऑगस्ट १८९७ ला त्याला योग्य डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचा परजीवी दिसला. मे महिन्यात मिरा रोडला पंखा बंद करून दहा मिनिटं बसा, म्हणजे नोबेल का देतात ते कळेल.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं आणि जोडीला बी-विंगच्या पॅसेजमधले नऊ उघडे ड्रम मोजून फोटोसकट टाकले. पाणी रोजचं येत नाही म्हणून लोक साठवतात, हे मला माहीत होतं, तरी टाकले. शास्त्रज्ञाला कीर्ती वर्ज्य नसते.

जुलैच्या शेवटी दुसरा शून्य सावली दिवस आला. ढग होते, तरी नियमाप्रमाणे किल्ली घेऊन (कारण : लीकेज) वर गेलो. मागून पालिकेचा आरोग्य कर्मचारी आणि सेक्रेटरीकाका टाकी तपासायला आले. टाकीचं झाकण घट्ट होतं. कर्मचाऱ्याची बॅटरी फिरत फिरत कोपऱ्यात थांबली. रंगाचा डबा. जूनपासूनचं पावसाचं पाणी, आणि त्यात डोकी खाली करून लोंबकळणारी पंचवीस-तीस बाळं.

"हा कुणाचा?" काकांनी विचारलं.

वही माझ्या काखेत होती. १६ मे : डबा ठेवला. पुढची पानं चाळली. "डबा उचलला" अशी नोंद कुठेच नव्हती. बी-विंगचा ताप याच डब्यातून गेला, असं यावरून सिद्ध होत नाही. हा मुद्दा शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होता आणि मी तो मांडलाही. काकांनी तो ऐकून घेतला नाही.

कर्मचाऱ्यानं एक शब्द न बोलता डबा ओतला, खराट्यानं आतून खसाखसा घासला, कारण एडिसची अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटून असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. मग त्यानं डबा उपडा ठेवला आणि तो खाली उतरला. एकूण वेळ दोन मिनिटं.

शेवटची पायरी

पालथ्या घड्यावर पाणी, असं आपण उपदेश वाया गेला की म्हणतो. डासांच्या शास्त्रात मात्र पालथा घडा हाच आदर्श नागरिक. आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी-बाटली रिकामी करा, घासा, पालथी घाला. मीही घालतो. त्या दिवसाची नोंद वहीत आहे : "२७ जुलै. ढग. सूर्य दिसला नाही. अळ्या दिसल्या. डबा माझा." एवढ्या दिवसांत मी लिहिलेलं सगळ्यात शास्त्रीय वाक्य ते शेवटचं.

गच्चीची किल्ली आता काका मला देत नाहीत. दर शनिवारी स्वतः वर येतात, कुलूप उघडतात, आणि डबा पालथा आहे ना ते बघतात. परवा त्यांनी विचारलं, "मृगात सात दिसतात म्हणालात ना? मला सहाच दिसले." मी त्यांना वही दिली. पेन दोरीला होतंच.