खणखणीत शून्य

घाटमाथ्यावरचे पर्जन्यमापक आता स्वतःच बोलते, याचे कौतुक करावे तेवढे थोडे. पूर्वी रोज सकाळी साडेआठला एक माणूस छत्री सावरत सायमन्सच्या पर्जन्यमापकाकडे जाई, बाटलीतले पाणी काचेच्या मापात ओती आणि आकडा वहीत लिही. त्याला मानधन द्यावे लागे. शिवाय त्याला डोळे होते. नरसाळ्यात पान अडकलेले दिसले की तो ते काढून टाकी, म्हणजे आकडेवारीत सरळसरळ मानवी हस्तक्षेप.

आता खांबावर लोरा या तंत्राचा रेडिओ आहे. हे तंत्र काढणारी सायक्लिओ ही ग्रेनोबलची छोटी कंपनी 2012 मध्ये सेमटेकने विकत घेतली. हा रेडिओ एका सुरावर अडून बसत नाही. खालच्या वारंवारितेवरून वरच्या वारंवारितेपर्यंत मींड घेतो. त्यामुळे निरोप गोंगाटाच्या 20 डेसिबल खाली दबला, तरी पलीकडे वेचता येतो. 2017 मध्ये अवघ्या 25 मिलीवॅटचा असा निरोप 702 किलोमीटरवर पकडला गेला. पाठवणारे यंत्र फुग्याला बांधून आभाळात सोडले होते, पण एवढा तपशील निविदेत कोण घालतो?

अशा गुणी यंत्रापुढे आपली अक्कल पाजळण्यात अर्थ नाही. म्हणून निरोप झेलणारा गेटवे डोंगरावर न नेता कार्यालयाच्या गच्चीत, पाण्याच्या टाकीआड बसवला आहे. प्लग तिथेच होता. निरोप तरीही पोहोचतो. पल्ला कमाल ठेवला की वेग सेकंदाला तीनशे बिटांच्याही खाली येतो, याबद्दल काही जण कुरकुरतात. त्यांना दूरदृष्टी नाही. वेग जास्त असता तर कोणीतरी कॅमेरा लावला असता, आणि मग नरसाळ्याचा फोटो आला असता.

बॅटरी काही वर्षे टिकते. वर जायची गरज नाही, त्यामुळे कोणी जात नाही. ही शांतता एका कुंभारीण माशीला मानवली असून तिने यंत्राच्या पोटात मातीचे घर बांधले आहे. दर 0.2 मिलिमीटर पावसाला आळीपाळीने कलंडणाऱ्या दोन इवल्या पात्रांपैकी एक त्या घराला टेकून स्थिरावले आहे. वर कोळ्याने जाळे विणले आहे, त्याच्यावर जांभळाचे पान.

रेडिओ मात्र दर पंधरा मिनिटांनी 0.0 पाठवतो. वाटेत शून्याचा आकार बिघडू नये म्हणून सोबत तपासणीचे जादा बिट जातात. कोणी ते चोरून वाचू नये म्हणून त्याला 128 बिटांच्या किल्लीचे कुलूप असते. कार्यालयातल्या पडद्यावर हिरवा ठिपका लागतो.

जुलैत ओढा पुलावरून वाहिला आणि घाटरस्ता बंद झाला, त्या दिवशीही एक निरोप चुकला नाही. कंत्राटात मोजायचे ठरले होते ते पोहोचलेले निरोप. बिल मंजूर झाले असून पुढच्या टप्प्यात आणखी दहा खांब उभे राहतील.