तीन तास एकवीस मिनिटं बटाटे

भोरच्या राजवाड्यात शूटिंग लागलं की तालुक्याची निम्मी कामं आपोआप तहकूब होतात. पंतसचिवांच्या या वाड्यात आजवर इतक्या मराठी-हिंदी चित्रपटांची आणि मालिकांची चित्रीकरणं झाली आहेत की, संस्थान विलीन झाल्यावर तिथे जेवढे राजे नांदले तेवढे संस्थान असताना नांदले नसतील. सकाळी जनरेटरची गाडी येते, मागोमाग लाइटवाले, मग खुर्च्या, मग त्या खुर्च्यांवर बसणारे. समोर गर्दी जमते. नायिका जिन्यावरून चार पायऱ्या उतरते. ‘कट.’ तिच्या नथीवर उजेड चमकला. पुन्हा चार पायऱ्या. ‘कट.’ मागून एसटीचा हॉर्न वाजला. पुन्हा चार पायऱ्या. आता ढग आला. ढग जाईपर्यंत सगळे चहा पितात आणि गर्दी चहा पिणाऱ्यांकडे बघते. दुपार होते. संध्याकाळपर्यंत नायिका अजून खाली पोचलेली नसते आणि गर्दीतलं एक माणूस हललेलं नसतं.

यातलाच एक सद्गृहस्थ रात्री घरी जातो. मुलगा मोबाइलवर कुठलासा पुरस्कारप्राप्त चित्रपट लावून देतो. चौथ्या मिनिटाला हे गृहस्थ म्हणतात, “लई स्लो हाय रं. पुढं ढकल.” मुलगा वेग दुप्पट करतो. तरी कंटाळा येतो. शेवटी फोन छातीवर ठेवून बाप घोरायला लागतो.

दिवसभर चार पायऱ्या बघणारा माणूस संथपणाला कंटाळतो, हे मला पटत नाही.

आता पुण्याकडे या. जानेवारीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, त्याला लाडाने ‘पिफ’ म्हणतात. गळ्यात ओळखपत्र, खांद्यावर कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर कालच्या इराणी चित्रपटाचा ताण, असे रसिक रांगेत उभे असतात. तारकोव्हस्कीच्या ‘स्टॉकर’मध्ये तीन माणसं रुळावरच्या ट्रॉलीत बसून जात राहतात, त्यांची डोकी दिसत राहतात, चाकं खडखडत राहतात. रसिक श्वास रोखून बघतो. हाच रसिक रविवारी राजगडला निघतो तेव्हा खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर पुढे तीन गाड्या असल्या तर हॉर्नवरचा हात काढत नाही. वास्तविक तिथेही समोर डोकीच दिसत असतात.

या दोघांमधल्या फरकाला आपल्याकडे अभिरुची म्हणतात. ज्याला कंटाळा येत नाही त्याला ती असते आणि ज्याला येतो त्याला नसते, असा हा सुटसुटीत हिशेब आहे. समीक्षक त्यावर मोहर उठवतो: चित्रपट ‘संयत’ आहे, ‘प्रेक्षकाकडून काही मागणारा’ आहे. प्रेक्षकाने आधी तिकिटाचे पैसे दिले, पार्किंगचे दिले, मक्याच्या लाह्यांपायी निम्मी जमीन विकली, तरी चित्रपट आणखी मागतोच आहे. भोरचा माणूस म्हणतो, मागतोय तर मागू दे, मी निघालो. झाला तो अरसिक.

आमची मावशी वेल्ह्याची. तालुक्याचं नाव आता राजगड झालं असलं तरी मावशी वेल्ह्याचीच. वेल्ह्यात सिनेमागृह नाही. तोरणा आहे, भात आहे, पाऊस आहे, आणि चित्रपट बघायचा तर साठेक किलोमीटरवर पुणे आहे. तिचा नातू पुण्यात शिकतो आणि कॉलेजच्या फिल्म क्लबात जातो. दिवाळीला आला तो लॅपटॉपवर एक बेल्जियन चित्रपट घेऊनच. शांताल अकरमन नावाच्या बाईने वयाच्या पंचविशीत, 1975 साली, काढलेला. नाव ‘जान डीलमन’, पण ते अर्धंच; पुढे घराचा नंबर, रस्ता आणि पिनकोडसकट शहर, असा अख्खा पत्ता नावातच आहे. लांबी तीन तास एकवीस मिनिटं. एक विधवा बाई तीन दिवस घरकाम करते, एवढीच गोष्ट. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. 2022 साली सोळाशेहून अधिक समीक्षकांनी मिळून या चित्रपटाला जगात पहिला नंबर दिला. 1952 च्या पहिल्या कौलात ‘बायसिकल थीव्ज’ होता, मग पन्नास वर्षं ‘सिटिझन केन’, मग ‘व्हर्टिगो’, आणि आता बटाटे सोलणारी बाई.

नातवाने आज्जीला हे सगळं समजावून सांगितलं. कॅमेरा जागचा का हलत नाही, पार्श्वसंगीत का नाही, स्त्रीच्या अदृश्य श्रमाला काळाची लांबी देणं म्हणजे काय, सगळं. मग चित्रपट लावला आणि चाळिसाव्या मिनिटाला तो स्वतः भिंतीला टेकून झोपला.

मावशी मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. ती बघत राहिली. भाषा फ्रेंच, खालची अक्षरं इंग्रजी, मावशीची शाळा चौथीपर्यंत. बटाटे सोलण्यावर तिने एकच शेरा मारला: “सालं लई जाड काढती. निम्मा बटाटा उकिरड्यात.” दुपारी त्या घरी कोण पाहुणा येतो आणि पैसे कसले ठेवून जातो, हे तिने विचारलं नाही. तिला कळलं होतं. चित्रपटातल्या दुसऱ्या दिवशी मात्र तिचा हात सुपातच थांबला. “आरं, हिनं पैशाच्या भांड्यावर झाकण न्हाई ठिवलं. काल ठिवलं हुतं.” पुढे बटाटे जास्त शिजले. ती बाई पातेलं हातात घेऊन घरभर फिरते, कुठे ठेवावं ते तिला कळेना. मावशी पुढे सरकली. “ही इसरणारी बाई न्हाई. कायतरी बिनसलंय. आता हिचं काय खरं न्हाई.” तिसऱ्या दिवशी अंगरख्याचं एक बटण लावायचं राहिलं, तेही मावशीने पकडलं. शेवट मी सांगणार नाही. मावशीने बराच आधी सांगितला होता.

विद्यापीठांत या चित्रपटावर प्रबंध आहेत. त्यांतला कणा हाच आहे: झाकण, बटाटे, बटण. प्रबंध लिहिणाऱ्यांना त्यासाठी चित्रपट पुन्हा पुन्हा बघावा लागतो. मावशीने तांदूळ निवडता निवडता, एका बैठकीत काम उरकलं, कारण घरात भांड्यावर झाकण नसलं तर काय होतं हे तिला मांजरामुळे माहीत आहे.

यावरून मी लगेच ‘ग्रामीण स्त्रीची उपजत सौंदर्यदृष्टी’ असा लेख पाडायला बसलो होतो. मावशीनेच तो मोडला. दुसऱ्या दिवशी नातवाने एक आपल्याकडचा, मातीतला म्हणतात तसा चित्रपट लावला. धुकं, डोंगर, धुक्यात म्हशी, म्हशींच्या मागे एक विचारमग्न मुलगा. पाच मिनिटं म्हशी. मावशी उठली. “म्हसरंच राखायची तर आपली बाहीर हायेत की. आन् ह्यो पोरगा गुराख्यावानी दिसत न्हाई, काठी बग कशी धरलीया.” वेल्ह्याला धुक्याचं कौतुक नाही. चार महिने ते फुकट मिळतं, त्यातून एसटी येत नाही आणि कपडे वाळत नाहीत. मढे घाटात धुक्याचे फोटो काढायला पुण्याहून गाड्या येतात. गाववाले त्या गाड्या चिखलातून ढकलून द्यायला जातात. धुकं एकच, पण कोणी ते बघायला आलाय आणि कोणी त्यातून वाट काढतोय.

तर माझं म्हणणं असं की, माणसाला काम बघायला अतोनात आवडतं. ते दुसऱ्याचं असावं, आणि शक्यतो चुकत असावं. जेसीबी खड्डा खणायला लागला की भोवती उगीच गर्दी होत नाही. राजवाड्यासमोरचा माणूस नायिका बघत नसतोच. तो बघतो, लाइटवाल्याने स्टँड वाकडा लावलाय, आता साहेब ओरडणार. ओरडला! पैसे वसूल. पडद्यावर मात्र हे सगळं पुसून फक्त चार पायऱ्या उरतात, आणि त्याला झोप येते. त्याची तरी काय चूक?

चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ घ्या. 2014 साली व्हेनिसला गौरवला गेला, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला, ऑस्करसाठी भारतातर्फे गेला. एका लोकशाहिरावर खटला: म्हणे त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये आत्महत्या केली. सरकारी वकीलबाई कायद्याची कलमं पानभर वाचतात, न्यायाधीश टंकलेखकाला एकेक वाक्य सांगतात, मग पुढची तारीख. शेवटी सुट्टी लागते, कोर्टातले सगळे निघून जातात, दिवे बंद होतात आणि कॅमेरा त्या रिकाम्या खोलीत बसून राहतो. इथे शहरातले पुष्कळ प्रेक्षक मोबाइल काढतात.

भोरच्या कोर्टात आजोबांपासून बांधाचा दावा चालवणारे माझ्या ओळखीचे एक दादा आहेत. त्यांनी मोबाइल काढला नाही. त्या खोलीत त्यांना स्वतःलाच बघायला मिळत होतं. “पंखा बरोबर हाय,” ते म्हणाले. “निकाल काय लागला?” निकाल लागत नाही, असं मी सांगितलं. दादांनी मान हलवली. “मंग पिच्चर खराय.”

याच दादांना ऐतिहासिक चित्रपट सोसत नाहीत. पडद्यावर तलवारी खणखणत असतात, ढोल फुटायला आलेले असतात, थिएटर घोषणा देत असतं, आणि दादा म्हणतात, “सुवेळा माची हिकडं कुठं?” संगणकावर बांधलेल्या राजगडाला बालेकिल्ला आहे, पण तो चुकीच्या बाजूला, नेढं गायब, पायथ्याला कुठल्या तरी परक्या मुलखातली हिरवळ. अख्ख्या लढाईत दादा तीन माच्या मोजत बसले आणि दोनच भरल्या. एवढा वेगवान चित्रपट त्यांना कंटाळवाणा झाला. म्हणजे वेगाचाही या दुखण्याशी संबंध नाही.

नावाजलेला चित्रपट म्हणजे गर्दी पळवणारा, ही समजूतही तशी ताजीच. प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936 चा. दामले-फत्तेलालांनी काढला, 1937 साली व्हेनिसला वाखाणला गेला आणि मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा सात्त्विक आहेच, पण चित्रपट उचलून धरते ती आवली. ती भूमिका करणारी गौरी कसलेली नटी नव्हती. आधी प्रभातमध्येच साधी कामं करायची. तिचा पदर, तिची म्हैस, आजारी पोराला घेऊन ती चप्पल हातात धरून विठोबाकडे निघते तो आवेश. यातलं काही कोणाला समजावून सांगावं लागलं नाही, इटलीतल्या परीक्षकांनाही नाही. म्हैस तिथेही आहे, पण ती धुक्यात उभी नाही, घरात आहे.

माणसाला काम बघायला आवडतं, हे जत्रांमधले तंबूवाले आधीपासून जाणतात. तंबूत रीळ तुटलं की लोक शिट्ट्या मारत, पण अर्धे उठून मशीन कसं दुरुस्त करतात ते बघायला मागे जात. महाराष्ट्रातल्या या फिरत्या सिनेमांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी काही वर्षं खपून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. गंजलेली प्रोजेक्टरं, ग्रीसने माखलेले हात, रुतलेले ट्रक. 2016 साली कानमध्ये त्याचा खास उल्लेख झाला. सुटातल्या लोकांनी जे बघून टाळ्या वाजवल्या, ते तंबूतल्या मागच्या रांगेतली पोरं दर जत्रेला बघत होती. त्यांना तिकीट मात्र पडद्याकडच्या बाजूचं काढावं लागे.

संथपणाचा कंटाळा घालवणारा एक उपाय आपल्याकडे यशस्वी झालेला आहे. ‘श्यामची आई’ला 1954 साली सुवर्णपदक मिळालं, त्यानंतर पन्नास वर्षांनी ‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो ऑस्करला न्यायचा म्हणून मराठी माणसाने वर्गणी काढली. डोळ्याच्या कर्करोगाची गोष्ट, आजोबा, नातू आणि दवाखाना, तरी ‘श्वास’ संथ आहे असं म्हणणारा माणूस मला तेव्हा भेटला नाही. ज्या मंडळाला आपण वर्गणी दिली त्याची आरती कोणी लांबलचक म्हणत नाही. समांतर चित्रपट काढणाऱ्यांनी याचा विचार करावा: तिकीट विकू नका, पावतीपुस्तक छापा.

महोत्सवांच्या आयोजकांना मात्र एक विनंती आहे, आणि ती मावशीच्या वतीने आहे. यंदा ‘जान डीलमन’चा एक खेळ वेल्ह्यात लावा. शाळेचा वर्ग मिळेल, पांढरं धोतर मिळेल, वीज मिळाली तर मिळेल. चर्चासत्र नको, प्रास्ताविक तर मुळीच नको. बायकांना निवडायला तांदूळ घेऊन येऊ द्या. भातलावणीत आणि कापणीत तारीख धरू नका. आणि तीन तास एकवीस मिनिटांचा हिशेब करून खेळ दुपारीच सुरू करा, म्हणजे पुण्याच्या समीक्षकांना परतीची शेवटची एसटी मिळेल.