आधी होकायंत्र, मग ओळंबा

पेणहून रोह्याच्या गाडीने निघालं की पुढचं स्टेशन कासू. या पट्ट्यात घर घ्यायला येणारा मुंबईकर कमालीचा चौकस. वास्तुतज्ज्ञाला गाडीभाडं देऊन आणतो, होकायंत्र लावून स्वयंपाकघर आग्नेयेला आहे ना ते बघतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नाव काढा, की लगेच, ‘‘कशाला उगाच खर्च?’’ भिंतीला ओळंबा लावणारा, लाद्या ठोकून पोकळ आवाज ऐकणारा, अर्थिंग तपासणारा, न्हाणीघरात पाणी तुंबवून खालचं छत बघणारा माणूस त्याला संशयी वाटतो. शिवाय बघायला येतो डिसेंबरात, ताज्या रंगाच्या वासात. जुलैत आला असता तर भिंतींनीच सगळं सांगितलं असतं.

रेरा कायदा आहेच की! ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. फक्त आधी तो दोष आहे हे कोणीतरी सांगावं लागतं. आणि आठाहून जास्त फ्लॅट नसलेल्या इमारतीला तर रेराची नोंदणीही लागत नाही.

वास्तुशांत मात्र यथासांग होते. गुरुजी कलशातलं पाणी घरभर शिंपडतात. उरलेलं वरच्या मजल्यावरून येतं.