काळा कोट, खाकी अस्तर

फौजदारी न्यायात सुधारणा म्हटलं की सगळ्यांना कंठ फुटतो. पोलीस बोलतात, निवृत्त न्यायमूर्ती बोलतात, बार असोसिएशन तर ठराव करून कामकाजापासून अलिप्तच राहते. ज्यानं खटला चालवायचा तो सरकारी वकील मात्र गप्प. त्याची संघटना बोलते. पण वेतनश्रेणी, बढती आणि रिक्त पदं यांवर.

आमच्या मोहोळच्या कोर्टात उभा राहिलेला मारामारीचा कुठलाही खटला घ्या. जखमेचा दाखला देणारे डॉक्टर बदलून गेलेले, पंच फितूर, समन्सची बजावणी पोलिसांच्या सवडीनं. दोषारोपपत्र वकिलाच्या हाती येईतो तपासातली भोकं पक्की झालेली. आरोपी सुटला की चहाच्या टपरीवर निकाल तयार : ‘सरकारी वकील मॅनेज झाला!’

पण संघटनेच्या पगारपुराणाला हसण्याआधी थांबा. १९७३च्या दंड प्रक्रिया संहितेनं खटला चालवणाऱ्याला पोलिसांपासून वेगळं काढलं. महाराष्ट्रानं १९७४ मध्ये पोलीस प्रॉसिक्युटरांना ‘सहायक सरकारी अभियोक्ता’ अशी नवी पाटी दिली आणि ठेवलं पोलीस खात्यातच. कोट काळा, अस्तर खाकी. ते उसवलं या वकिलांनीच. ‘शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन’ या प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतंत्र अभियोग खातं करायला सांगितलं. भांडण नोकरीचं, सुधारणा मात्र सगळ्यांच्या पदरात.

गृहखात्यानं दोरी सोडली असेल, तर ते गृहखातं कसलं? दंड प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही अभियोग खात्याचा प्रमुख, म्हणजे अभियोग संचालक, गृहविभागाच्याच प्रशासकीय नियंत्रणाखाली. पूर्वी त्याच्या नेमणुकीला उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींची संमती लागे. ती अटही नव्या कायद्यातून गळाली. काळ्या फिती लावाव्यात असा हा मुद्दा.

आम्ही मोहोळकर तरी कुठे शहाणे? आमच्याच तालुक्यातल्या अनगरला दिलेल्या अप्पर तहसील कार्यालयावरून २०२४ मध्ये रस्त्यावर उतरलो. कार्यालय कुठे, यावर टक्क जागे; आपला खटला कुणाच्या हाताखाली चालतो, यावर घोरत.

तेव्हा संघटनेनं पगार मागावाच, दाबून मागावा. त्याच निवेदनात दोन ओळी घालाव्यात : दोषारोपपत्र कोर्टात जाण्याआधी आम्हाला दाखवा, आणि मुख्य न्यायमूर्तींची संमती परत आणा. अडचण इतकीच, की हे निवेदन द्यायचं कुणाला? गृहखात्यालाच. आणि वेतनवाढीची फाइलही तिथंच आहे.