गाडी चालते ना?

डॅशबोर्डवरचा तो दिवा लाल नाही, पिवळा आहे, हे मी भेटेल त्याला सांगतो. गाडीचं चित्र आणि तिच्या मागे दोन नागमोडी रेघा. पावसाळ्यात घाटात चाक घसरलं आणि दिवा लुकलुकला, तर ट्रॅक्शन कंट्रोल कामाला लागलंय. लुकलुकायचं सोडून तो ठाण मांडून बसला, तर त्याने काम टाकलंय. एवढं सगळं ऐकून समोरचा विचारतो, "पण गाडी चालते ना?"

चालते हो. तेच तर दुखणं आहे. बंद पडली असती तर चार माणसं जमली असती, बॉनेट उघडलं असतं आणि मला मल्टिमीटर काढता आला असता. चारचौघांत मल्टिमीटर काढायची हौस मला कॉलेजपासून आहे. लाल पिन इकडे, काळी पिन तिकडे, भुवया किंचित वर आणि तोंडातून एवढंच, "हं." या "हं"च्या जोरावर मी बरीच वर्षं काढली. सोसायटीत कुणाची बेल बिघडली असं कळलं की लिफ्ट असूनही मी जिन्याने उतरतो, दाराशी जरा रेंगाळतो. आजवर कुणी हाक मारलेली नाही. वायरमनला फोन करतात.

तर ट्रॅक्शन कंट्रोल. प्रत्येक चाकाशी एक सेन्सर असतो, तो चाकाचा वेग कंट्रोल युनिटला कळवतो. इंजिनाने फिरणारं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त वेगाने गरगरलं की युनिट त्याला ब्रेक लावतं, नाहीतर इंजिनाची ताकद कमी करतं. ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस, ट्रॅक्शन आणि वळताना गाडीला भरकटू न देणारं ईएसपी हे सगळे त्याच सेन्सरांवर जगतात. एकत्र कुटुंबच ते. एक सेन्सर रुसला की तिघांचीही ताटं तशीच राहतात.

वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला आणि कोड निघाला, सी ००३५. पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर. ॲडव्हायझर म्हणाला, "सेन्सर बदलू. दिवा नाही गेला तर हब बघू. तरी नाही गेला तर युनिटच." मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, "कोड सेन्सरचा नाही, सेन्सरच्या सर्किटचा आहे. त्यात कपलर आला, युनिटपर्यंतची वायर आली. शिवाय सेन्सर ॲक्टिव्ह प्रकारचा आहे, तेव्हा ओहम मोजत बसू नका. चाक फिरवा आणि करंट सात नि चौदा मिलिअँपिअरमध्ये वरखाली होतो का बघा."

तो म्हणाला, "सर, पाणी घेणार?"

खरं तर तेव्हाच मी त्याला मूसची गोष्ट सांगणार होतो. ही गोष्ट मी लग्नकार्यातही सांगतो. ताट हातात घेऊन मी कुणाशेजारी बसलो की बायको लांबूनच खूण करते, "अहो, हरणाचं आज नको." पण तुम्ही वाचायला बसलाच आहात. मूस म्हणजे स्वीडनच्या जंगलातलं, खांद्यापाशीच सहा फूट भरणारं सांबराच्या जातीचं जनावर. ते अचानक रस्त्यात आलं तर गाडी झटकन बाजूला घेऊन पुन्हा आपल्या लेनमध्ये आणता येते का, याची तिकडे चाचणी करतात. चाचणीत मूस नसतो, शंकू मांडलेले असतात. ऑक्टोबर १९९७ मध्ये टेक्निकेन्स वेर्ल्ड या स्वीडिश मासिकाने मर्सिडीजची नवी कोरी ए-क्लास त्या शंकूंमधून नेली आणि ती उलटली. पूर्व जर्मनीची ट्रॅबंट, जिची जगभर टिंगल व्हायची, ती मात्र याच चाचणीतून सहीसलामत बाहेर पडली! (इथे मी हमखास जिलबी खाली ठेवतो.) मग कंपनीने विक्री थांबवली, सस्पेन्शन सुधारलं आणि १९९५ मध्ये बड्या एस-क्लासमध्ये आलेलं ईएसपी या छोट्या गाडीत सरसकट बसवलं. तिथे नसलेल्या जनावराने एवढं केलं. आपल्याकडे तर उलट दिशेने, मांडीवर सिलिंडर आडवा घेऊन स्कूटरवाला खरोखर येतो.

असो. वर्कशॉपमधून उठलो. स्वस्तातला ब्लूटूथवाला प्लग इंजिनाचे कोड वाचतो, एबीएसच्या दारात बहुधा त्याला कुणी उभं करत नाही. म्हणून मी महागातला स्कॅनर घेतला. किंमत घरी सांगितलेली नाही. मग कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या पोराला गाठलं. त्याने जॅक लावला, पुढचं चाक उचललं आणि आत हात घालून म्हणाला, "काका, स्कॅनरवरचा वेगाचा आकडा ओरडून सांगा." एका हाताने तो चाक फिरवत होता, दुसऱ्याने वायर बोटभर बोटभर वाकवत पुढे सरकत होता. मी ओरडत होतो, "चार! पाच! चार! पाच! शून्य!" तो थांबला. पुन्हा वाकवली. शून्य. सोडली. चार.

मडगार्डच्या आत, रबरी ग्रॉमेटच्या अगदी तोंडाशी. वरचं आवरण धडधाकट, आतली तांब्याची तार तुटलेली. स्टिअरिंग वळलं, चाक खड्ड्यात गेलं की ती वायर तिथेच वाकायची. पोराने आवरण सोललं, हिरवट पडलेली टोकं घासली, सोल्डर मारलं, वर स्लीव्ह चढवली. दिवा गेला. माझ्या "हं"ला फुरसतच मिळाली नाही.

पैसे विचारले तर तो कपड्याला हात पुसत म्हणाला, "काय घेऊ काका, काहीच तर बदललं नाही." तेव्हा मात्र मला खरोखर राग आला. त्याचा नाही. बिलात बदलण्याला दर असतो, शोधण्याला रकानाच नसतो. वर्कशॉपमधल्या कारागिराला वायर हलवून बघायची अक्कल नसते असं नाही, तेवढा वेळ कुणी देत नाही. सेन्सर, हब, युनिट एवढी खरेदी करूनही तुटलेली तार जागच्या जागी राहिली असती आणि पोटापाण्याचं काम जाणणारा हा पोरगा मात्र फुकट राबला असता. त्याच्या खिशात मी नोटा जवळजवळ कोंबल्या.

तेव्हा तुमच्या गाडीत तो पिवळा दिवा लागला तर गाडी चालतेय म्हणून त्याच्यावर स्टिकर लावू नका. त्याच्याबरोबर एबीएसही बंद असू शकतं. पार्टची ऑर्डर देण्याआधी चाक फिरवून, वायर हलवून बघायला सांगा आणि दोष सापडला तर शोधण्याचे पैसे वेगळे द्या. स्कॅनर हवा असेल तर माझ्याकडे आहे. मी जिन्यानेच येईन.