गार झालेला आणि गार केलेला

"ताई, परत फाटला बघा!"

भिंतीपलीकडून आधी हाक आली, मग पातेलं आलं. आमच्या दोन घरांमधली ही भिंत छातीएवढी. तिच्यावरून आजवर विरजणाच्या वाट्या गेल्या, कुकरची शिट्टी गेली, लग्नपत्रिका गेल्या, भांडणंही गेली आणि दुसऱ्या दिवशी थालीपिठाबरोबर परत आली. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास पातेल्यात तपकिरी पाणी होतं आणि वर पांढऱ्या गुठळ्या.

"पनीर केलंत का?" मी विचारलं.

"चेष्टा नको हां. गार चहा केलोय."

कोल्हापुरात बायकाही 'केलो', 'आलो', 'जेवलो' असंच बोलतात, त्यावर बाहेरच्यांनी दचकू नये. मी दचकले ते 'गार चहा' ऐकून. आपल्याकडं चहा गार होतो, कुणी करत नाही. "घ्या की, गार व्हायलाय" म्हटल्याशिवाय पाहुण्याला कप उचलता येत नाही, आणि खरंच गार झालेला चहा कुणापुढं ठेवला तर ठरत आलेली सोयरीक मोडायची. आणि शेजारच्या वहिनी मुद्दाम तो गार करत बसलेल्या, तेही तिसऱ्यांदा.

कारण कळलं ते असं. लेक पुण्याहून सुट्टीला आलेली. तिकडं कुठल्याशा कॅफेत ती बर्फ घातलेला मसाला चहा पिते, एका ग्लासाला दोनशे रुपये. हे ऐकल्यापासून वहिनींचा डोळा लागेना. "दोनशे रुपयांत मी अख्ख्या गल्लीला चहा पाजीन, वर बटर देईन!" त्यात एप्रिल संपत आलेला, पारा अडतिसाच्या पुढं, आणि घरात सासरे. आबांना सहा कप चहा लागतो, उन्हाळा असो की पावसाळा. सहाव्या कपानंतर घामाघूम होऊन पंख्याला शिव्या देतात.

"पहिल्या दिवशी काय केलंत?"

"गरम चहावर बर्फ टाकलो. बर्फ गेला विरघळून, चहा कोमट. चव कशी, तर कप विसळलेल्या पाण्यागत."

"दुसऱ्या दिवशी?"

"चहा करून पातेलं फ्रिजात ठेवलो. काढून बघतोय तर वर लोण्याचे ठिपके. घोट घेतला की टाळूला चिकटतंय."

"आणि आज गूळ घातलात."

"तुम्हाला कसं कळलं?"

मी तीस वर्षं शाळेत सायन्स शिकवलंय. फाटलेल्या दुधाकडं बघून गुन्हेगार ओळखता येतो. पण वहिनींनी तीन दिवसांत तीन वेगवेगळ्या चुका केल्या होत्या, एकही दोनदा नाही. असा विद्यार्थी वर्गात क्वचित मिळतो. मी स्टूल ओढून भिंतीला टेकून बसले.

गुळापासून सुरुवात केली. आपल्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळं त्याला नावं ठेवायची सोय नाही. पण गूळ थोडा आंबट असतो, त्यात क्षारही असतात, आणि उकळत्या दुधाला ते सोसत नाही. गुळाचा चहा विकणारे गाडीवाले गूळ घालून दूध रटारटा उकळत बसत नाहीत. गॅस बंद झाल्यावर घालतात. आल्याचंही तसंच. कच्चं आलं किसून कोमट दुधात टाकलं तर आल्यातलं पाचक द्रव्य दूध फाडतं. आधी पाण्यात आलं चांगलं उकळलं की त्याची खोड मोडते. आपल्या आज्या आलं आधणातच टाकायच्या. त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, फाटलेला चहा मात्र ठाऊक होता.

"आणि लोणी?"

"वहिनी, दूध कुणाचं?"

प्रश्न विचारला आणि जीभ चावली. कोल्हापुरात दुधाबद्दल शंका घेणं म्हणजे माणसाच्या खानदानाबद्दल शंका घेणं. गंगावेशीत म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध पिणाऱ्यांचं हे गाव. 1963 पासून गोकुळ संघ गावोगावी फॅट लावून दूध घेतोय. इथला माणूस पावसाची चौकशी करावी तशी फॅटची करतो.

"आमच्या गवळ्याचं म्हशीचं. सात फॅट लागतंय त्याला!"

"तेच नडलं. गरम चहाला सात फॅट म्हणजे राजेशाही. गार चहात ते वर येऊन गोठतं. गाईचं घ्या, साडेतीनच्या आसपासचं. नाहीतर म्हशीचं तापवून, रात्रभर गार करून, साय काढून घ्या. आणि दूध चहात उकळू नका. दोघांना वेगळं गार करा, ग्लासातच गाठ घालून द्या."

"सासू-सुनेला वेगळं ठेवतात तसं?"

"तसंच. सणावारालाच भेट."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रीतसर बेत केला. भिंतीला लागून गवती चहाचं बेट आहे. लावलंय मी, पण ते वाढतंय सगळं वहिनींच्या बाजूला, त्यामुळं मालकीचा निकाल अजून लागलेला नाही. त्यांनी तीन पाती कापली, गाठी मारून पाण्यात टाकली. चार ग्लासांसाठी तीन कप पाणी. अंगठ्याएवढं आलं, चार वेलदोडे, चार मिरी आणि दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, सगळं खलबत्त्यात जाडसर ठेचलेलं. सहा-सात मिनिटं उकळू दिलं. वहिनींच्या स्वयंपाकघरातून वास भिंतीवरून माझ्या अंगणात आला तेव्हा मी म्हटलं, आता पूड.

चार चमचे चहापूड. इथं वहिनींचा हात नेहमीच्या सवयीनं गॅस मोठा करायला गेला. "थांबा! दोनच मिनिटं." आपली दाणेदार पूड लवकर उतरते. गरम चहात जास्त उकळलेला तुरटपणा दुधाखाली झाकून जातो. गार चहात तो उघडा पडतो, जिभेला कोरड आणतो. रंग हवा असेल तर पूड अर्धा चमचा वाढवावी, उकळी वाढवू नये. गॅस बंद, तीन मिनिटं झाकण, मग गाळणी.

साखर गरम असतानाच, आणि नेहमीच्या दीडपट. वहिनी म्हणाल्या, "आबांना शुगर नाही, पण एवढी?" गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते. आइस्क्रीम वितळल्यावर चाखून बघा, मग कळेल त्यात किती साखर होती. मसाल्याचंही तेच, म्हणून तोही थोडा चढा.

पातेलं परातीत ठेवून भोवती माठातलं पाणी ओतलं. असं झटपट निवलं की मग काचेच्या बाटलीत, आणि फ्रिजात. थोडा चहा बर्फाच्या साच्यात ओतला. ही खरी युक्ती. पाण्याचा बर्फ चहा पातळ करतो, चहाचाच बर्फ चहाला सोडत नाही.

दोन तासांनी फोन. भिंत असताना फोन म्हणजे काहीतरी गंभीर. "ताई, बाटलीतला चहा गढूळ झालाय. नासला वाटतं!"

नासला नव्हता. कडक चहा गार झाला की त्यातलं टॅनिन आणि कॅफिन एकमेकांना धरून बसतात, म्हणून तो मातकट दिसतो. थोडं गरम पाणी घातलं तर परत निवळतो. आणि दूध घालणार असू तर बघायचंच कशाला? पण दूध घातलेला चहा मात्र बाहेर ठेवायचा नाही. या उन्हात तो दोन तासांत आपला रस्ता धरतो. दूध न घातलेला फ्रिजात दोन दिवस राहतो.

संध्याकाळी भिंतीवर चार ग्लास मांडले. अर्धा चहा, अर्धं दूध, वर चहाचे तीन खडे. लेकीनं पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "आई, कॅफेवाल्याला पत्ता देऊ नकोस." वहिनींचे दोनशे रुपये वसूल झाले.

आबा बाजेवर बसून बघत होते. ग्लासाला हात लावेनात.

मी त्यांना अमेरिकेची गोष्ट सांगितली. 1904 मध्ये सेंट लुईसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथं रिचर्ड ब्लेचिंडेन नावाचा साहेब आपल्या हिंदुस्थानी चहाची जाहिरात करायला गेला. उकाडा असा, की गरम चहाकडं कुणी फिरकेना. त्यानं चहा बर्फावरून गार करून दिला आणि गर्दी लोटली. बर्फाचा चहा तिकडं आधीपासून होता, पण त्याचा बोलबाला झाला तो या जत्रेनं.

"जोतिबाच्या यात्रेला आला असता तर गरमच खपला असता," आबा म्हणाले. "चैत्रातलं ऊन डोक्यावर, तरी डोंगरावर माणसं गरम चहा पितातच की."

मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. ती आम्हाला पाठ आहे, पण ती ऐकताना मधे कुणी बोलत नाही. शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे कामाला होते. हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि कांबळ्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं, पाठबळ दिलं. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक'. लोक फिरकेनात. तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवायचे, चहा मागवून प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. राजानं घेतल्यावर नाही कोण म्हणणार?

"या गावात चहानं शिवाशिव मोडायला हात लावलाय," आबा म्हणाले. "आणि तुम्ही त्याच्यात बर्फ घालून पोरखेळ करताय."

सगळे गप्प. मग लेक म्हणाली, "पण आबा, महाराजांनी पहिला घोट घेतला म्हणूनच लोकांनी घेतला ना? मग इथं मोठं कोण?"

आबांनी नातीकडं बघितलं. तालमीत घाम गाळलेला माणूस, डाव उलटला की त्याला लगेच कळतो. ग्लास उचलला, एक घोट घेतला, डोळे मिटले. वहिनींनी पदराचं टोक तोंडात धरलं.

"मिरी आहे," आबा म्हणाले. "वेलदोडा आहे. बदाम आणि खसखस असती तर आमची तालमीतली थंडाईच झाली असती. घोटायला मात्र कुणी बसायला नको." दुसरा घोट. "ह्याला चहा म्हणू नका. चहा म्हणून दिलात म्हणून वाईट लागला. दुसरं काहीही म्हणा, मी पितो."

दोन दिवस मी वहिनींना जे शिकवत होते ते आबांनी एका वाक्यात उरकलं. गार झालेला चहा म्हणजे कुणीतरी विसरलेला चहा. गार केलेला हा वेगळाच जिन्नस. त्याचं दूध वेगळं, साखर वेगळी, उकळी वेगळी. त्याला चहाच्या पाटावर बसवलं की तो उष्टा दिसतो.

नाव काही ठरलं नाही. पण गल्लीत बातमी फुटली आणि शनिवारी वहिनींनी चार बाटल्या भरल्या. तिसऱ्या घरच्या काकूंना दूध चालत नाही म्हणून एक बाटली बिनदुधाची. तीत गूळ आणि लिंबू, फाटायला काही नाहीच.

चार वाजता पश्चिमेकडून आभाळ काळं झालं. धूळ उठली, दारं आपटली आणि वळीव आला. नुसता पाऊस नाही, ताडताड गारा. पोरं डोक्यावर घमेली घेऊन अंगणात धावली. पाच मिनिटांत हवा अशी गार, की मी शाल काढली.

भिंतीवरून वहिनींचा आवाज: "ताई, चहा टाकलोय, गरम. आलं लई घातलोय. या!"

"आणि त्या चार बाटल्या?"

पलीकडं ओसरीवर आबा बसले होते. पायरीवरच्या दोन गारा त्यांनी उचलल्या, ग्लासात टाकल्या.

"एक इकडं द्या," ते म्हणाले. "बर्फ फुकट आलाय."